खूनवाल्या नानांची कडी

आमच्या धसईत कुणी गेलं, की खूनवाले नाना धुतलेला सदरा घालून मयताच्या घरी हजर होतात, हात जोडतात, आणि घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "दार आतून बंद होतं का?"

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. सासूबाई नव्वदीच्या घरातल्या. त्या गेल्या भर सकाळी, ओट्यावर उन्हात बसून, हातातला चहा संपवून. समोर बाजार भरलेला. अर्ध्या गावाने त्यांना जाताना पाहिलं. मी म्हटलं, "नाना, ओट्याला दार नसतं."

"म्हणजे उघड्यावर? माणसं जवळ होती?"

"होती."

"मग बरं," असं म्हणून नानांनी मोठा सुस्कारा सोडला. माझे दीर त्यांच्या अंगावर धावून जायचेच बाकी राहिले होते. इथे आई मेली आणि हे म्हणतात, मग बरं!

मी या नानांची शेजारीण. राहते रस्त्यापलीकडे, पण माझी पिठाची गिरणी आणि नानांचं घर यांच्यात एकच भिंत आहे. त्यामुळे माझ्या गिरणीचा आवाज त्यांच्याकडे जातो आणि त्यांची तक्रार माझ्याकडे येते. "बाई, तुमचं पीठ माझ्या खुन्यांच्या डोळ्यांत जातं." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गिरणी बंद करून विचारलं, "कोणाच्या?" तेव्हा त्यांनी मला घरात नेऊन दाखवलं.

मधल्या खोलीत जमिनीपासून वाशांपर्यंत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर नुसत्या रहस्यकथा. 'निळ्या छत्रीचा मालक', 'वखारीतली तिसरी सावली', 'पाहुणा जेवून मेला'. सगळ्या जुन्या. नव्या पुस्तकाला नाना हात लावत नाहीत. पहिली आवृत्ती हवी, मुखपृष्ठ मूळचं हवं, त्यावर हाताने रंगवलेली किंचाळणारी बाई हवी, आणि किंमत आण्यांत छापलेली असेल तर नाना ते पुस्तक कपाळाला लावतात. प्रत्येक पुस्तकाला बटर पेपरचं कव्हर, आत वेखंडाचा तुकडा, मांडणीच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला. भिंतीभिंतीला मुडदे पडलेले आणि खोलीला वास बाळंतिणीच्या खोलीचा.

नानांचं खरं नाव रघुनाथ देसले. एसटीत होते, मुरबाडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाड्या लावायच्या, फलाट सांगायचे, लोकांच्या शिव्या खायच्या. संग्रहाची सुरुवात तिथेच झाली. त्या काळी प्रवासी स्टँडवरच्या टपरीतून रहस्यकथा घ्यायचे, गाडीत वाचायचे आणि उतरताना सीटवर विसरायचे. कंडक्टर ती पुस्तकं आणून नानांच्या खिडकीत टाकायचे. नाना सांगतात, "डबा विसरलेला माणूस परत येतो. छत्रीवाला येतो. एकदा एकजण कोंबडी विसरला होता, तोही आला. पण रहस्यकथावाला कधी आला नाही. खुनी कळला की माणूस पुस्तकाला ओळख देत नाही."

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी शहापूरला काढली. तिथेच त्यांची बायको वारली. मूलबाळ नव्हतं. मग ते धसईला वडिलांच्या घरी परत आले. येताना एका टेम्पोत पुस्तकं होती आणि दुसऱ्या टेम्पोतही पुस्तकंच होती. भांडी त्यांनी मांडीवर घेतली होती.

एवढे खून घरात सांभाळणारा माणूस धीट असेल, असं तुम्हाला वाटेल. नाना कुत्र्याला भितात. विजेच्या मीटरला भितात. कुरिअरवाल्याला भितात, आणि तरीही शहापूरचा रद्दीवाला त्यांच्यासाठी बाजूला काढलेली पुस्तकं कुरिअरनेच पाठवतो, म्हणून ती मला घ्यावी लागतात. अनोळखी नंबरवरून फोन वाजला की तो वाजता फोन हातात धरून ते गिरणीत येतात. "हे साधं नाही, बाई. तुम्ही उचला." मी उचलते. कोणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारत असतं. वाळवीला तर ते इतके भितात की तिचं नावही घेत नाहीत, 'ती मंडळी' म्हणतात. आणि ओल! मे महिन्यात सगळी पुस्तकं अंगणात खाटेवर उन्हाला पडतात, आणि शेजारी हातात काठी घेऊन, डोक्याला पंचा बांधून नाना. कुणी पाण्याचा हंडा घेऊन जवळून निघालं तरी ओरडतात, "लांबून, लांबून!"

संध्याकाळी ते दारात आडवी सुतळी बांधतात आणि तिला पेले, पळ्या, झारे, डब्याची झाकणं अडकवतात. चोर आला तर वाजावं म्हणून. चोर अजून आला नाही. माझी मांजर मात्र दोनदा येऊन गेली, आणि दोन्ही वेळा नाना कॉटखाली सापडले. सकाळी ते ती सुतळी सोडतात तेव्हा जो खणखणाट होतो, त्यावर आमची आळी उठते.

एवढा भित्रा माणूस, पण त्याच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती.

गावी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी बारकू सुताराला बोलावून सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. पुढचं दार, मागचं दार, मधलं, एवढंच काय, न्हाणीचंसुद्धा. पाहुणा आला आणि न्हाणीत गेला की त्याने गाणं म्हणायचं, असा नियम. गाणं येत नसेल त्याने पाढे म्हणायचे. त्यांचे एक साडू आले होते, मोठे अधिकारी. ते न्हाणीतून एकोणतिसाचा पाढा म्हणताना मी गिरणीतून ऐकले आहेत. मध्ये अडकले, तर नाना बाहेरून घाबरून ओरडले, "का थांबलात? काय झालं?"

कड्या का काढल्या, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "खोली आतून बंद असली की गुन्हा अवघड होतो, बाई. पोलिसांचा त्रास वाचवतोय." आम्ही हसायचो. वेड म्हणून सोडून द्यायचो. मला माणसांच्या वेडाच्या मुळाशी जायला वेळ नसतो. माझ्याकडे लोक डबे घेऊन उभे असतात.

त्या उभ्या लोकांनाच नाना पुस्तक वाचून दाखवायचे. दुपार कलली की काखेत पुस्तक मारून गिरणीत येणार, पोत्यावर बसणार, हात पुसणार आणि सुरू. एकटे घरात बसून त्यांनी कधी ओळ वाचली नाही. भीती वाटते म्हणायचे. गिरणीच्या घरघरीत खून झाला तर निदान माणसं आजूबाजूला असतात. वाचायचे मात्र झकास. इन्स्पेक्टरचा आवाज वेगळा, मोलकरणीचा वेगळा, मुडद्यालाही कण्हायला लावायचे. एकच त्रास होता. दर पानाला थांबायचे. "ऐकताय ना?" कुणीतरी "हो" म्हणेपर्यंत पुढची ओळ नाही. गिरणीच्या आवाजात माझा "हो" ऐकू गेला नाही, तर उठून जवळ यायचे आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघायचे. डोळे उघडे आहेत ना, श्वास चाललाय ना, असं. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, मेले नाही मी. दळतेय."

नाना पुस्तक मिटून घरी गेले. तेव्हा मला ते नुसतेच हळवे वाटले.

वरच्या वाडीतली सोनीबाई नाचणी दळायला यायची, ती या वाचनाची पक्की गिऱ्हाईक. दळण झालं तरी हलायची नाही. पण मध्ये मध्ये बोलायची. "नाना, तुमच्या पुस्तकातल्या बाया मरतात तवा घरात कोनीच कसं नसतं रे? आमच्यात तर मरायला पन मोकळी जागा नाय."

"अगं, रहस्य आहे ते."

"रहस्य कसलं? शेजार नाय, तेच्यामुळं मरतात."

नानांच्या संग्रहात मानाचं पान सह्यांच्या पुस्तकांना. लेखकाची सही असलेली पुस्तकं वेगळ्या कपाटात, आणि सहीवर पारदर्शक कागद. नानांच्या मते रहस्यकथेवरची सही ही साधी सही नव्हे. "कबुलीजबाब आहे तो, बाई. यानं उभ्या आयुष्यात शेकडो माणसं मारली, आणि खाली सही करून दिली."

सही मिळवण्यासाठी ते एकदा बायकोला घेऊन ठाण्याला एका जुन्या लेखकाच्या घरी गेले होते. लेखकाचं नाव मी सांगत नाही, बिचारा आता हयात नाही. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून एक डोळा दिसला. "कोण? कशाला? बरोबर कोण आहे?" नाना इतके घाबरले की बोलेचनात. नाना बोलत नाहीत म्हणून तो लेखक आणखी घाबरला. फटीच्या अलीकडे एक थरथरता माणूस, पलीकडे दुसरा. शेवटी कुसुमवहिनी पुढे झाल्या. "उघडा हो. आम्ही देसले. धसईचा नवा तांदूळ आणलाय." तेव्हा साखळी निघाली. लेखकाने तांदूळ घेतला, सही दिली, आणि जाताना नानांच्या कानाशी लागून विचारलं, "जिन्यात कुणी उभं नव्हतं ना?"

ही गोष्ट सांगताना नाना खूप हसायचे. कुसुमवहिनींना मी कधी पाहिलं नाही, पण त्या कशा असतील ते एवढ्यावरून मला कळलं. नाना वाचायचे आणि त्या वालाच्या शेंगा सोलत ऐकायच्या. भीतीची जागा आली की नाना थांबायचे, त्या म्हणायच्या, "वाचा पुढं, मी आहे ना." खुनी त्या अर्ध्यातच ओळखायच्या. कशा, तर "त्याचे पाय चिखलाचे कसे नाहीत?" असल्या काहीतरी हिशोबाने. कधी चुकल्या नाहीत, असं नाना अभिमानाने सांगतात.

त्या लेखकाचं ते सही केलेलं पुस्तक, 'गच्चीवरची पेटी', हे कपाटातलं सगळ्यात मोलाचं. पण ते भिजलेलं होतं. पाण्याच्या हंड्याला लांबून हाकणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोलाचं पुस्तक खालच्या बाजूने फुगलेलं, पानांच्या लाटा झालेल्या. मुंबईहून एकदा गाडी घेऊन एक संग्राहक आला होता, गुळगुळीत बोलणारा. पुस्तक उलटंपालटं करून म्हणाला, "भिजलंय, पण सही शाबूत आहे. देता का?" नानांनी त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मी विचारलं, हे भिजलं कसं? तर म्हणाले, "हे साधं नाही, बाई." आणि ते पुस्तक गिरणीत वाचायला मात्र त्यांनी कधी आणलं नाही.

यंदाच्या थंडीत सिद्धगडाच्या बाजूने बिबट्या उतरला.

आधी वरच्या वाडीतली शेळी गेली, मग ओढ्याकडचा कुत्रा. मग बाजाराच्या मागच्या चिखलात पंजा उमटलेला सापडला आणि गावाचा नूरच बदलला. वालाला शेंगा लागल्या होत्या, पण शेतात मडक्यात शेंगा भाजून पोपटी करायला कुणी धजेना. पाचच्या एसटीला मुरबाडहून येणारी माणसं स्टँडवरून घोळक्याने चालत यायची, मोबाइलवर गाणी लावून. बाया दळण घेऊन दुपारीच यायच्या. अंधार पडायच्या आत बाजारपेठ चिडीचूप. वनखात्याची जीप भोंगा लावून फिरली, "संध्याकाळनंतर दारं आतून बंद ठेवा, उघड्यावर झोपू नका."

मी घाबरट नाही. पण गिरणीला टाळं लावून रस्ता ओलांडून घरी जाईपर्यंत माझीही मान सारखी मागे वळायची. एवढासा रस्ता, पण त्याला टोक यायचं नाही.

आणि नाना? त्यांची झोप उडाली. डोळे खोल गेले. सुतळीवर आणखी भांडी चढली. माझा कुकरसुद्धा मागून नेला. मी म्हटलं, "नाना, बिबट्याला तुमचा वाद्यवृंद ऐकायला यायचं नाहीये. कडी बसवून घ्या."

"कडी नको."

"का नको? भीती वाटत नाही?"

"वाटते हो. फार वाटते. पण कडी नको."

मला असल्या बोलण्याचा राग येतो. दुखतंय म्हणायचं आणि गोळी घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी मी बारकू सुताराला घेऊनच गेले. सोनीबाईही आली. नाना दारात उभे राहिले, हात आडवे करून. सोनीबाई म्हणाली, "नाना, वाघरू आलं ना, तर त्ये इचारनार नाय, पहिली आवृत्ती कुठंय म्हनून. सगळी पुस्तकं फाडंल."

हे मात्र लागू पडलं. पुस्तकांसाठी नाना तयार झाले. बारकूने पुढच्या आणि मागच्या दाराला आतून नव्या कड्या बसवल्या. न्हाणीच्या दाराला नानांनी हात लावू दिला नाही. तो ठोकत असताना नाना अंगणात पाठ करून उभे होते. प्रत्येक घावाला त्यांचा खांदा उडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचा खणखणाट झाला नाही. मी स्वतःशी म्हटलं, साहजिक आहे, आता कडी आहे, सुतळी बांधलीच नसेल. पण चहाची वेळ झाली तरी नाना आले नाहीत. ते रोज गिरणी उघडायच्या आधी माझ्या ओट्यावर चहाला येतात, घरून स्वतःची साखर घेऊन, कारण माझ्या साखरेत मुंगी निघेल अशी त्यांना भीती वाटते. मी रस्ता ओलांडून गेले. दार ढकललं. हललं नाही.

"नाना!"

उत्तर नाही. कडी वाजवली, थापा मारल्या, फटीला कान लावला. आत काही नाही. पंख्याचाही आवाज नाही.

माणसं जमली. प्रत्येकाने एकेकदा दार ढकलून पाहिलं. सगळ्यांच्या तोंडावर एकच वाक्य आलं होतं आणि प्रत्येक जण ते गिळत होता. एवढी वर्षं ज्या प्रश्नाला आम्ही हसलो, त्याचं उत्तर आमच्यासमोर उभं होतं. दार आतून बंद होतं. कडी मीच बसवून घेतली होती.

बारकू छपरावर चढला. कौलं काढून आत उतरला. आम्ही खाली श्वास धरून उभे. जरा वेळाने आतून ओरडला, "काकू, घरात कोन नाय!"

"नीट बघ! कॉटखाली बघ!"

"बघितला! न्हाणीत पन नाय!"

गर्दीतून कुणीतरी किंचाळलं, "बिबट्यानं नेला!"

सोनीबाई त्याच्यावर खेकसली. "नेला आन जाताना आतून कडी लावली व्हय? गप ऱ्हा."

तेव्हा माझं डोकं ताळ्यावर आलं. मी वळसा घालून परसात गेले. मागच्या दाराला बाहेरून कडी होती. म्हणजे माणूस मागून बाहेर पडला होता आणि बाहेरची कडी घालून गेला होता. पण कुठे? परसात करवंदीची जाळी, त्यापुढे ओढा. मी जाळीकडे बघायचं टाळत गिरणीच्या मागच्या पडवीकडे गेले. तिला नुसतं छप्पर आहे, भिंत नाही. रिकामी पोती टाकते मी तिथे.

पोत्यांच्या ढिगात नाना पडले होते. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरेफटक. छातीशी 'गच्चीवरची पेटी' धरलेलं. हलत नव्हते.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच नाना शिंकले.

डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर, "बाई, इथे दार नाही ना?"

मागून आलेली माणसं हसायला लागली. भीती सुटली की माणसं असंच हसतात. "खूनवाले नाना सोताच्याच खुनाला गैरहजर!" कुणीतरी ओरडलं. मी सगळ्यांना हाकललं, बारकूला कौलं जागच्या जागी बसवायला सांगितलं, आणि चहा आणला. माझ्याच साखरेचा. नानांनी तो मुकाट्याने प्यायला.

"बिबट्या फिरतोय आणि तुम्ही उघड्यावर झोपलात?" मी म्हटलं. "कडी लावलेल्या घरातून उठून?"

"लावली होती. दोन्ही लावल्या. मग बसवेना आत."

आणि मग त्यांनी सांगितलं. गोष्ट सांगताना नेहमी आवाज बदलतात, तसा बदलला नाही.

"शहापूरला कुसुम सगळी कामं आटोपून उशिरा आंघोळीला जायची. मी न्हाणीबाहेर स्टुलावर बसून वाचायचो. तिला आवडायचं. आतून म्हणायची, वाचा पुढं, मी आहे ना. त्या दिवशी हेच पुस्तक होतं. मी विचारलं, ऐकतेस ना? बोलली नाही. मला वाटलं, रंगलीय. मी वाचत राहिलो. प्रकरण संपेपर्यंत वाचलं, बाई. फार चांगलं वाचलं. सगळे आवाज काढून." त्यांनी पुस्तकाच्या फुगलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "दाराखालून पाणी बाहेर आलं, तेव्हा हे हातातून पडलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, एका क्षणात गेल्या. दार उघडं असतं तरी उपयोग नव्हता. सगळे तेच म्हणाले. पण ते आतून बंद होतं."

मी कप उचलले आणि बारकूला हाक मारली.

मागच्या दारापलीकडे जाळी आहे, तिथे कडी हवीच. पण पुढचं दार भिंतीलगत आहे, आणि भिंतीपलीकडे माझी गिरणी. मी बारकूला म्हटलं, पुढची कडी काढ आणि लाकडी खिट्टी बसव, जुन्या गोठ्यांना असते तशी, वर उचलली की सुटणारी. तिला दोरी बांध, भिंतीला भोक पाड, आणि दोरीचं टोक माझ्या गिरणीत आण. बारकू म्हणाला, "काकू, आतली कडी भाईरच्या मानसाच्या हातात? असली कडी मी जल्मात केली नाय."

"मग आता कर."

नाना ठोकाठोक चालू असताना या वेळी पाठ करून उभे राहिले नाहीत. जवळ आले. दोरी हातात घेऊन ओढून पाहिली. त्यांची शंका मात्र आलीच. "बिबट्याला दोरी ओढता येते का हो?"

"गिरणीला टाळं असतं. त्याची किल्ली बिबट्याकडे असली, तर मग आपला काही इलाज नाही."

"हे साधं नाही," नाना म्हणाले, पण हसले.

त्या दिवशी दुपार कलल्यावर ते गिरणीत आले. काखेत 'गच्चीवरची पेटी'. वेखंडाचा तुकडा काढून बाजूला ठेवला, लाटा झालेलं पान हाताने सपाट केलं, आणि जिथे ते पडलं होतं त्याच्या पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागले. सोनीबाई आपली नाचणी विसरून बसली. पहिल्या पानाला नाना थांबले. नेहमीसारखे मान वर करणार, तेवढ्यात मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत म्हटलं, "आहे मी. वाचा."

पुढे दर दुपारी तेच. त्यांनी विचारायची मी वाट बघितली नाही.

पुस्तक संपलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं आणि शेवटचं दळणही झालं होतं. खुनी निघाला घराचा मालक. नानांनी सहीवरचा कागद नीट केला, वेखंडाचा तुकडा परत आत ठेवला आणि पुस्तक मिटून मांडीवर घेऊन बसले. सोनीबाई म्हणाली, "काय झाला?"

"कुसुम म्हणाली होती, पेटी शिकवणारा मास्तर," नाना म्हणाले. "चुकली. उभ्या जन्मात एकदा चुकली, आणि मी चिडवायला जाणार कुठे?"

सोनीबाईने डबा डोक्यावर घेतला. "मी ऐकलाय ना. मी सांगन सगळ्यांना, तुमची बायको चुकली म्हनून." आणि वाडीकडची माणसं निघाली होती त्यांच्यात धावत जाऊन मिसळली.

अंधार पडायला आला होता. मी नानांना घरी पिटाळलं, गिरणी झाडली. भिंतीपलीकडे खिट्टी पडल्याचा आवाज आला. मग भिंतीच्या भोकातून आवाज, "बाई, ऐकताय ना?"

मी खिळ्यावरची दोरी धरून ओढली. पलीकडे खिट्टी खट्कन वर गेली आणि दार करकरत उघडलं.

"आहे मी," मी ओरडले. "लावा परत."